रोबोट हेरातच्या मुलींनी बनवला, आपल्या मोहल्ल्यातली मुलं कधी बनवणार?

२०१७ च्या जुलै महिन्यात अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथे दीडशेहून अधिक देशांची शाळकरी मुलं आपापले रोबोट घेऊन जमली होती. 'फर्स्ट ग्लोबल चॅलेंज' या स्पर्धेचं ते पहिलं वर्ष. त्या गर्दीत डोक्यावर ओढणी घेतलेल्या सहा मुली होत्या. त्या अफगाणिस्तानातल्या हेरात शहरातून आल्या होत्या आणि त्यांचं तिथे पोहोचणं हीच मोठी गोष्ट होती. त्यांचा व्हिसा दोन वेळा नाकारला गेला होता. मुलाखतीसाठी त्यांनी हेरातहून काबूलपर्यंतचा सुमारे आठशे किलोमीटरचा धोक्याचा प्रवास दोनदा केला. रोबोटचं सामान सीमाशुल्क विभागात अडकलं, त्यामुळे इतर देशांच्या मुलांना मिळाला त्याच्या मानाने फारच थोडा वेळ त्यांच्या हाती राहिला. जगभर चर्चा झाल्यावर अखेर अमेरिकेच्या अध्यक्षांनी लक्ष घातलं आणि स्पर्धेच्या तोंडावर त्या पोहोचल्या. परतताना त्यांच्याकडे धैर्यासाठी दिलं जाणारं रौप्यपदक होतं.

ही गोष्ट आज काढण्याचं कारण आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं की पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभ्या केल्या जातील. २०१६ पासून देशात अशा दहा हजारांच्या आसपास लॅब झाल्या आहेत. आता त्याच्या पाचपट होणार. या लॅबमध्ये सहावी ते बारावीची मुलं सेन्सर, मोटर, थ्री-डी प्रिंटर हाताळतात, रोबोट बनवतात आणि स्पर्धांना जातात. म्हणजे जे आजवर मोठ्या फीच्या शाळांमध्येच दिसायचं, ते आता जिल्हा परिषद आणि महानगरपालिकेच्या शाळेपर्यंत येऊ शकतं. प्रश्न एवढाच, की त्या रांगेत आपली मुलं असतील का?

ही स्पर्धा असते तरी काय?

बऱ्याच पालकांना वाटतं की रोबोटिक्स स्पर्धा म्हणजे दोन यंत्रांची टक्कर, टीव्हीवर दाखवतात तशी. तसं नाही. डीन केमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था सुरू केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुलं खेळाडूंना आणि नटांना डोक्यावर घेतात, मग शास्त्रज्ञ आणि इंजिनियर यांना का नाही? विज्ञानालाही मैदान, प्रेक्षक आणि टाळ्या मिळाल्या तर मुलं आपोआप वळतील. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आज ती जगभर पसरली आहे. लहान मुलांसाठीची तिची 'लेगो लीग' भारतातही होते.

लेगो लीगची गुणपद्धत आपण समजून घेतली पाहिजे. रोबोट टेबलावर अडीच मिनिटांत किती कामं करतो याला फक्त एक चतुर्थांश महत्त्व असतं. बाकीचे तीन भाग असे: रोबोटची रचना तुम्ही कशी विचार करून केली, समाजातल्या एखाद्या खऱ्या प्रश्नावर तुम्ही काय उपाय शोधला, आणि संघ म्हणून तुम्ही एकमेकांशी कसे वागलात. म्हणजे सगळ्यात महागडा रोबोट आणणारा जिंकतोच असं नाही. ज्या पोरांना आपलं म्हणणं मांडता येतं, चूक कबूल करता येते, दुसऱ्या संघाला स्क्रू-ड्रायव्हर देता येतो, ती पुढे जातात.

वॉशिंग्टनच्या स्पर्धेचा विषय पाणी हा होता. मैदानावर निळे आणि नारंगी चेंडू होते. निळे म्हणजे स्वच्छ पाणी, नारंगी म्हणजे दूषित. रोबोटने ते वेगळे करायचे. तीन देशांचे संघ एका बाजूला, तीन देशांचे दुसऱ्या बाजूला. आत्ता जो आपल्या बाजूने आहे तो पुढच्या फेरीत समोर असू शकतो, म्हणून कोणाशी वैर धरून चालत नाही. सामान सगळ्या देशांना सारखंच दिलेलं होतं. श्रीमंत देशाला वेगळी पेटी आणि गरीब देशाला वेगळी असं नव्हतं. भारताकडून त्या वर्षी मुंबईच्या मुलांचा संघ गेला होता.

आपल्या महाराष्ट्राचा या खेळाशी जुना संबंध आहे. आशिया-पॅसिफिकमधल्या इंजिनियरिंग कॉलेजांची 'रोबोकॉन' स्पर्धा २००८ आणि २०१४ अशी दोनदा पुण्यात झाली. २००८ चा विषय तर चक्क गोविंदा आणि दहीहंडी होता. जपान, चीनची मुलं पुण्यात येऊन हंडी फोडणारे रोबोट चालवत होती. इथल्या मातीतला खेळ विज्ञानाचा प्रश्न होऊ शकतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

याने खरोखर काही होतं का?

शिक्षक म्हणून आम्हाला हा प्रश्न विचारावाच लागतो. कारण सध्या 'रोबोटिक्स क्लास' नावाचा मोठा बाजार उभा राहिला आहे. महिन्याला हजारो रुपये फी, चकचकीत सर्टिफिकेट, आणि घरी येणारा रोबोट सरांनी बनवलेला. अशा क्लासने मूल इंजिनियर होत नाही. अब्बूंचा खिसा मात्र रिकामा होतो.

पण नीट चालवलेल्या उपक्रमाचा परिणाम होतो, याला आधार आहे. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाच्या संशोधकांनी 'फर्स्ट'मध्ये भाग घेतलेल्या मुलांचा २०१२ पासून अनेक वर्षं पाठपुरावा केला. तुलनेसाठी भाग न घेतलेली मुलंही घेतली. भाग घेतलेल्या मुलांचा विज्ञान-तंत्रज्ञानातला रस जास्त वाढलेला दिसला, आणि कॉलेजात गेल्यावर इंजिनियरिंग व संगणक विषयांकडे वळण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं. मुलींमध्ये हा फरक विशेष दिसला.

याचं कारण वर्गात बसून आमच्या लक्षात आलं आहे. आम्ही फळ्यावर घर्षण शिकवतो तेव्हा मुलं व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण चाकाची गाडी गुळगुळीत फरशीवर घसरते आणि सतरंजीवर नीट चालते, हे ज्या मुलाने स्वतः पाहिलं, त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही. दुसरं म्हणजे चूक. आपल्या शाळांत चुकीला लाल शाई मिळते. रोबोट पहिल्या वेळी कधीच चालत नाही. वायर उलटी, कोड चुकलेला, बॅटरी उतरलेली. पाचव्यांदा चालतो. जे मूल चार वेळा हरून पाचव्यांदा उठतं, ते गणिताच्या पेपरलाही घाबरत नाही.

आपण कुठे उभे आहोत?

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आपल्या शिक्षणाचा आरसा दाखवला होता. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६५.१ टक्के असताना मुस्लिमांची ५९.१ टक्के होती. त्याच अहवालाने एक गैरसमजही दूर केला होता: शाळेच्या वयाची आपली फक्त चार टक्क्यांच्या आसपास मुलं मदरशांत जातात. बाकीची शाळेतच जातात. पण पुढे काय होतं? केंद्राच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार २०२०-२१ मध्ये कॉलेज-विद्यापीठांतल्या एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिम ४.६ टक्के होते. लोकसंख्येत आपण १४ टक्के आहोत. म्हणजे मुलं वाटेत गळतात. २०२२-२३ पासून अल्पसंख्याक मुलांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही फक्त नववी-दहावीपुरती राहिली. पहिली ते आठवीच्या गरीब घरांचा एक आधार गेला.

सातवी-आठवीतच अनेक मुलगे गॅरेजला, यंत्रमागाच्या कारखान्यात, फळांच्या गाडीवर लागतात. यात एक दुःखद विनोद आहे. इंजिनियरिंगचा हात आपल्या मोहल्ल्यात भरपूर आहे, डिग्री नाही. मालेगाव-भिवंडीच्या कारखान्यातला जॉबर नुसत्या आवाजावरून सांगतो की मागाचा कुठला भाग झिजला. धोटा का अडकतो, शाफ्ट किती सरकला, हे त्याला कळतं. कुर्ल्याच्या गॅरेजमधला पंधरा वर्षांचा पोरगा गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवतो. हे ज्ञान नाही तर काय आहे? फक्त ते कोणी वहीत उतरवलं नाही, त्याला नाव दिलं नाही, परीक्षेत विचारलं नाही. म्हणून त्या पोराला वाटतं की आपण 'ढ' आहोत.

हेरातच्या मुलींकडे परत जाऊ. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा त्याच संघाने कमी खर्चातल्या व्हेंटिलेटरचा नमुना तयार केला. त्यासाठी काय वापरलं? टोयोटा कोरोला गाडीची मोटर आणि मोटरसायकलची चेन. म्हणजे ज्या वस्तू आपल्या मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये आणि भंगारच्या दुकानात पडलेल्या असतात, त्याच!

इतिहास अभिमानाला नको, कामाला हवा

हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, 'रोबोट तर मुसलमानांनीच शोधला.' त्यात तथ्य आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी आपोआप चालणाऱ्या युक्तीच्या यंत्रांवर ग्रंथ लिहिला. १२०६ मध्ये अल-जजरी यांनी आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाण्यावर चालणारी हत्तीची घड्याळं, हात धुवायला पाणी देणारी बाहुली, वाद्यं वाजवणाऱ्या माणसांची नाव, अशी पन्नासच्या आसपास यंत्रं आहेत. विशेष म्हणजे ते नुसती तारीफ करत नाहीत. भाग कसा बनवायचा, कसा जोडायचा, हे चित्रांसह सांगतात. ते कारागीर होते आणि लिहितही होते.

पण आठशे वर्षांपूर्वीच्या घड्याळावर आजचं मूल इंजिनियर होणार नाही. वहीची पहिली ओळ 'इक्रा' असेल तर दुसरी ओळ आपणच लिहायची आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम रामेश्वरमच्या साध्या घरातून आले, सकाळी वर्तमानपत्रं वाटली आणि मद्रासमध्ये एरोनॉटिकल इंजिनियरिंग शिकले. त्यांचं नाव आपण शाळांना देतो. त्या शाळांत प्रयोगशाळेचं कुलूप उघडतं का, हे कोण विचारणार?

कुलपाची गोष्ट खोटी नाही. आम्ही एका शाळेत गेलो होतो. किट आलेलं होतं, कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं. 'मुलं तोडतील, ऑडिटला काय दाखवू?' असं उत्तर मिळालं. सामान शाबूत आणि मुलं कोरी. शिक्षकांनाही दोष देऊन चालत नाही, त्यांना प्रशिक्षणच मिळालेलं नसतं. पण तुटलेली मोटर नवीन आणता येते. आठवीतलं वर्ष पुन्हा येत नाही.

घोषणेतला एक शब्द

आता त्या ५० हजार लॅबबद्दल. अर्थसंकल्पातला शब्द 'सरकारी शाळा' असा आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषद आणि महानगरपालिकांच्या उर्दू शाळा आहेत, पण त्यांतल्या बहुतेक प्राथमिक आहेत. आपली हायस्कूलं मोठ्या प्रमाणात अंजुमन आणि ट्रस्ट चालवतात आणि ती अनुदानित आहेत. शब्दशः अर्थ घेतला तर ती या नव्या यादीतून बाहेर राहू शकतात. त्यामुळे दोन कामं आत्ताच झाली पाहिजेत. सरकारी उर्दू शाळांची नावं यादीत यावीत म्हणून शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी द्यावी. आणि अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही सामावून घ्या, ही मागणी आमदार-खासदारांपर्यंत न्यावी. निवडणुकीला ते मोहल्ल्यात येतात तेव्हा गटार आणि रस्ता मागतोच, एक लॅबही मागावी.

आधीच्या लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत मदत होती. दहा लाख उभारणीला, दहा लाख पाच वर्षांच्या चालवण्याला. त्यासाठी सपाट भागातल्या शाळेकडे १५०० चौरस फूट जागा लागायची. दोन पाळ्यांत भरणाऱ्या आपल्या दाटीवाटीच्या शाळांना ही अट जड जाते. नवीन नियमांत दाट वस्तीतल्या शाळांना जागेची सवलत मिळावी, ही मागणीही रास्त आहे.

लॅब येईपर्यंत थांबायची गरज नाही. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर-मानक' योजना आहे. शाळा ऑनलाइन आपल्या मुलांच्या कल्पना पाठवते. निवड झाली तर मॉडेल बनवायला मुलाच्या खात्यात १० हजार रुपये येतात. फी नाही. ही संधी किती उर्दू शाळा घेतात, हे पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना अदबीने विचारा.

मोहल्ल्यात काय करता येईल?

परदेशी कंपनीचा एक किट एखाद्या रिक्षावाल्या बापाच्या महिन्याच्या कमाईहून महाग असतो, हे खरं. पण सुरुवात त्याने करायचीच नसते. आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड २००५ मध्ये इटलीत विद्यार्थ्यांसाठी बनला. त्याची रचना सगळ्यांसाठी खुली आहे, म्हणून त्याची स्वस्त आवृत्ती काही शे रुपयांत मिळते. जुन्या प्रिंटरमध्ये आणि सीडी ड्राइव्हमध्ये चांगल्या मोटर असतात. त्या भंगारात किलोने विकल्या जातात. आणि भंगारचा धंदा कोणाच्या हातात आहे, हे आम्ही सांगायला नको. मोहल्ल्यातल्या एका भंगारवाल्या चाचांनी महिन्याला एक पिशवी मुलांसाठी बाजूला काढली तरी वर्षाचं सामान निघेल.

एक खोली, एक जुना लॅपटॉप, रविवारचे दोन तास. इंजिनियरिंग किंवा डिप्लोमाला असलेला मोहल्ल्यातलाच एखादा भाईजान किंवा बाजी शिकवायला. गॅरेजचे उस्ताद महिन्यातून एकदा पाहुणे. मुलांना त्यांच्या हाताची कला कळेल आणि उस्तादांना पहिल्यांदा कोणीतरी 'सर' म्हणेल. वेळ ठरवताना दीनी मकतबची वेळ टाळा, म्हणजे घरून तक्रार येणार नाही. दोन्ही इल्म एकमेकांच्या आड येत नाहीत, फक्त वेळापत्रक नीट लागतं.

पैशाचा प्रश्न मशिदीच्या जमातीने आणि अंजुमनने उचलावा. जकातीचा पैसा यात वापरता येतो का आणि कसा, हे आधी उलेमांना विचारावं. पण इमदाद आणि सदक्याला तर कोणी अडवलेलं नाही. एका लग्नातला एक पदार्थ कमी केला तर दोन संघांचं साहित्य येतं.

भाषेची भीतीही काढायला हवी. आमची मुलं परीक्षकांसमोर गप्प होतात. त्यांना येत नाही म्हणून नव्हे, इंग्रजीत कसं बोलू म्हणून. त्यांना आधी उर्दूत सांगू द्या, मग मराठीत, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मोटर, सेन्सर, बॅटरी हे शब्द तिन्ही भाषांत तेच आहेत. आपली मुलं तीन-तीन भाषा बोलतात, ही त्यांची कमजोरी नाही.

आणि मुली

आमच्या वर्गात प्रयोगाच्या वहीत सगळ्यात नीट आकृती मुलींच्या असतात. पण स्पर्धेला बाहेरगावी जायचं म्हटलं की नावं गळतात. पालकांची काळजी आम्हाला कळते, आम्हीही पालक आहोत. उपाय काळजीतूनच निघतो: सोबत शिक्षिका असावी, एका मुलीची अम्मी किंवा खाला बरोबर असावी, संध्याकाळपर्यंत परत येता येईल अशी जवळची स्पर्धा आधी निवडावी. हेरातच्या मुली ओढणी घेऊनच मैदानात उतरल्या होत्या. पर्दा आड आला नाही.

त्यांची पुढची गोष्ट मात्र डोळ्यांत पाणी आणते. वॉशिंग्टनहून परतल्यावर काही दिवसांतच संघाची कर्णधार फातिमा कादेरियान हिचे वडील हेरातमधल्या मशिदीवर झालेल्या हल्ल्यात शहीद झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये आले. संघातल्या काही मुली कतारला गेल्या, काही मेक्सिकोला. त्यांच्या देशात आज सहावीनंतर मुलींना शाळेचा दरवाजा बंद आहे. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठही बंद झालं, तेव्हा अल-अजहरच्या प्रमुख इमामांनी ही बंदी शरियतच्या विरोधात असल्याचं जाहीरपणे सांगितलं. तरीही दरवाजा बंदच आहे.

आपल्या मुलींसमोरचा दरवाजा उघडा आहे. कायद्याने उघडा आहे, दीनने उघडा आहे. तो अर्धवट लोटलेला असेल तर आपणच लोटलेला आहे. आठशे किलोमीटर दोनदा जायची गरज आपल्या मुलींना नाही. शाळेच्या कपाटाची किल्ली मागायची आहे, आणि घरातून एक 'हो' मिळवायचा आहे. या रविवारी तो 'हो' देऊन पाहा. इन्शाअल्लाह, उरलेलं मुलं करतील.